‘नुसती हरणेच दिसली!’

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात एक संवाद हमखास ऐकू येतो. कुणीतरी ताडोबाला, पेंचला किंवा कान्हाला जाऊन आलेले असते. चहाचा कप हातात पडण्याआधीच पहिला प्रश्न येतो, ‘‘मग? वाघ दिसला का?’’ दिसला असेल तर पुढचा अर्धा तास त्या वाघाचाच. दिसला नसेल तर मात्र चेहरा पडतो. ‘‘कुठला हो वाघ! तीन फेऱ्या मारल्या, एवढे पैसे घातले, आणि नुसती हरणेच दिसली!’’

हे ‘नुसती हरणेच’ ऐकून जंगलखात्याची माणसे मनातल्या मनात हसत असतील. कारण कान्हाच्या कुरणात ज्या हरणाकडे पाठ फिरवून मंडळी पुढे गेली, ते बारशिंगा जातीचे असण्याची शक्यता मोठी. कान्हाच्या कडक जमिनीवर राहणारे हे बारशिंगे १९७० साली मोजले तेव्हा अवघे ६६ उरले होते. त्या काळात देशातले वाघसुद्धा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

भारतात हरणांच्या इतक्या जाती आहेत आणि त्या इतक्या वेगवेगळ्या मुलखांत राहतात की केवळ हरणे पाहायची म्हणून देशाची सफर आखता येईल. काश्मीरच्या बर्फापासून मणिपूरच्या तरंगत्या गवतापर्यंत आणि सोलापूरच्या माळापासून केरळच्या डोंगरापर्यंत ही सफर जाते. फक्त कोणते हरीण कुठे राहते आणि ते तिथेच का राहते, एवढे ठाऊक हवे. काही हरणांचे पत्ते हजारो आहेत आणि काहींचा पत्ता एकच आहे. हरणे पाहायला निघताना हा फरक सर्वांत आधी समजून घ्यायला हवा.

हरीण म्हणजे नेमके कोण?

बोलताना आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. अभ्यासक मात्र यांचे दोन गट करतात. पहिला गट सारंगांचा. चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर हे सगळे सारंग. यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, बहुतेकांच्या शिंगांना फांद्या फुटतात आणि ती गळून पुन्हा नवी येतात. नवी शिंगे वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखे मऊ कातडे असते. वाढ पुरी झाली की ते सुकते आणि नर झाडांच्या खोडांवर घासून ते काढून टाकतो.

दुसरा गट कुरंगांचा. काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि चौशिंगा हे या गटातले. यांची शिंगे आतून पोकळ असतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत आणि ती जन्मभर टिकतात.

मुलांना जंगलात नेले तर ओळखायची सोपी खूण हीच. शिंगाला फांदी दिसली की सारंग समजावा. शिंगे सरळ, पिळाची किंवा साधी टोकदार दिसली की कुरंग.

चितळ : घरोघरी ओळखीचे

सफरीची सुरुवात चितळापासून करावी. तांबूस अंगावर पांढरे ठिपके असलेले हे हरीण पाहायला फार दूर जावे लागत नाही. विदर्भात ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मध्य प्रदेशात कान्हा आणि बांधवगड, कर्नाटकात बंदीपूर आणि नागरहोळे, तामिळनाडूत मुदुमलाई, उत्तराखंडात कॉर्बेट, गुजरातेत गीर, बंगालमध्ये सुंदरबन. यांतल्या कुठल्याही ठिकाणी सकाळी दोन तास फिरले तरी चितळांचे कळप भेटतात. मुंबईकरांना तर लोकलने बोरिवलीला उतरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही ते पाहता येते. चेन्नईच्या मराठी मंडळींसाठी शहराच्या पोटातच गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे. अवघ्या पावणेतीन चौरस किलोमीटरच्या त्या रानात चितळही आहे आणि काळवीटही.

चितळ इतक्या ठिकाणी कसे टिकले? त्याला कमी लागते म्हणून. थोडे गवत, थोडी झाडी, जवळ पाणी एवढे मिळाले की त्याचा संसार मांडला जातो. गवत वाळले तर ते झाडाखाली पडलेली पाने, फुले आणि फळे खाते. इथे त्याला वानरांची मदत होते. झाडावर बसलेली वानरे अर्धवट खाल्लेल्या डहाळ्या खाली टाकतात आणि चितळ त्या वेचून खाते. वरून वानराला वाघ-बिबट्या आधी दिसतो, तर खाली चितळाच्या नाकाला त्याचा वास आधी लागतो. ज्याला आधी कळेल तो ओरडतो आणि दोघेही सावध होतात. वाघ पाहायची इच्छा असणाऱ्यांनीसुद्धा म्हणूनच चितळाकडे लक्ष ठेवावे. कळपातल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या, कान टवकारले गेले आणि तीक्ष्ण आवाज सुरू झाला, की अनुभवी गाइड गाडी तिथेच थांबवतो.

जिथे शत्रू नाही तिथे मात्र चितळाची संख्या हाताबाहेर जाते. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंदमानात चितळ नेऊन सोडले. तिथे वाघही नाही आणि बिबट्याही नाही. आज तिथल्या जंगलात नवी रोपे उगवतात न उगवतात तोच चितळ ती फस्त करते. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची कथाही याच वळणाची आहे. १९०० च्या सुमारास शिकारीमुळे ती काही लाखच उरली होती. शिकारीवर बंधने आली आणि आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. शेताच्या बांधावर, गावाच्या कडेला, घरामागच्या बागेत, मिळेल तिथे ते राहते. अनेक पत्ते असलेल्या हरणाला जरा सवड मिळाली की ते पुन्हा उभे राहते ते असे.

झाडीतली माणूसघाणी मंडळी

सांबर हे आपल्याकडचे सर्वांत मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्याही वर भरतो. रंग गडद तपकिरी, मानेभोवती आयाळीसारखे राठ केस आणि कान मोठे पसरट. चितळासारखे ते उघड्यावर कळपाने फिरत नाही. दाट झाडी, डोंगरउतार आणि ओढ्याकाठ ही त्याची जागा, आणि वेळ संध्याकाळपासून पहाटेपर्यंतची. मेळघाटच्या डोंगरात, ताडोबात, सह्याद्रीत आणि हिमालयाच्या पायथ्याशी ते भेटते. भरदुपारी आणि अगदी निवांत पाहायचे असेल तर राजस्थानातल्या रणथंभोरला जावे. तिथल्या तलावांत सांबरे पोटापर्यंत पाण्यात उतरून पाणवनस्पती खात असतात.

सांबराचा इशारा मात्र फार मोलाचा. चितळ कधीकधी उगाचच घाबरते, पण सांबराने एकदा खणखणीत आवाज दिला की शिकारी प्राणी नक्की जवळ आहे असे जंगलातली माणसे मानतात.

कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना भेकर पाहायची चांगली संधी आहे. कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर या भागांत ते आढळते. शेळीएवढे लहान, तांबूस रंगाचे हे हरीण एकेकटे किंवा जोडीने फिरते. रात्री घाटातल्या एखाद्या वाडीत मुक्काम असताना रानातून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज थांबून थांबून येत राहिला, तर तो कुत्रा नसून भेकर असण्याचा संभव असतो.

याच रानात पिसोरी राहते. तिची उंची जेमतेम वीतभर आणि वजन तीन किलोंच्या आसपास. तिला शिंगे नसतात आणि ती खऱ्या हरणांच्या कुळातलीही नाही, पण लोकांनी तिला हरणातच धरले आहे. ती रात्री बाहेर पडते आणि दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत बसून राहते. गोव्यातल्या मोलेच्या जंगलातही ती आहे, पण समोर येईल तो नशीबवान.

माळावरचा राजा

काळवीट सारंग नसला तरी महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी त्याला वगळून चालणार नाही, कारण तो घराजवळ आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरी अभयारण्य आहे. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे हे रान खास काळविटासाठी राखले आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही त्याचे कळप दिसतात. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा भेटतो. मोठे कळप पाहायचे असतील तर गुजरातेत भावनगर जिल्ह्यातले वेळावदर किंवा राजस्थानातले ताल छापर गाठावे.

या जनावरांना झाडी नको असते. त्यांना लांबवर दिसेल असा उघडा, खुरट्या गवताचा माळ लागतो, कारण वेगावरच त्यांचा जीव वाचतो. नेमक्या अशाच जमिनीला सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणायची आपली जुनी सवय. मग कुणी तिथे झाडे लावतो, कुणी कारखाना काढतो आणि कुणी नांगर घालतो. झाडे लावणे चांगलेच, पण माळावर दाट झाडी उभी केली की काळविटाचे घर मोडते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

सहासष्टवरून हजारावर

आता एकाच पत्त्याच्या हरणांकडे वळू. बारशिंग्याचे नाव त्याच्या शिंगांच्या टोकांवरून पडले आहे. प्रौढ नराच्या दोन्ही शिंगांची मिळून दहा ते चौदा टोके मोजता येतात. याच्या तीन पोटजाती आहेत. उत्तर प्रदेशातल्या दलदलीत राहणारी एक, आसामातली दुसरी आणि मध्य भारतातल्या कडक जमिनीवरची तिसरी. दलदलीतल्या बारशिंग्याचे खूर फाकलेले असतात, त्यामुळे ते चिखलात रुतत नाहीत. मध्य भारतातल्याचे खूर आखडलेले आणि टणक असतात.

१९३८ च्या सुमारास कान्हा भागात हे बारशिंगे तीन हजारांच्या घरात होते. शिकार, शेती, गुरांची चराई आणि दरवर्षी गवताला लावली जाणारी आग यांनी ती संख्या उतरत गेली. बारशिंगा जवळजवळ गवतच खातो. चितळासारखी पाने-फळे खाऊन तो दिवस काढू शकत नाही. शिवाय पावसाळ्याच्या शेवटी मादी विते ती उंच गवतात. गवत चरून किंवा जळून गेले की पाडसाला लपायला जागा उरत नाही आणि कोल्ह्यापासून वाघापर्यंत सगळ्यांना ते सापडते.

जॉर्ज शॅलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून हरीण आणि वाघ यांचा अभ्यास केला, तेव्हाच बारशिंग्याची दशा उघड झाली होती. त्यानंतर मंडला जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असलेले एम. के. रणजितसिंह आणि वनखात्याचे अधिकारी यांनी उद्यानाची हद्द वाढवण्याचा प्रयत्न केला. १९६९ मध्ये सोंफ हे गाव उठवून दुसरीकडे वसवण्यात आले. माणसांनी घर सोडणे ही सोपी गोष्ट नसते आणि त्याची किंमत त्या कुटुंबांनी मोजली हे विसरता येणार नाही. गावाच्या शेतांवर पुढे गवत वाढले आणि तिथे बारशिंगे चरू लागले. कुरणाचा एक तुकडा कुंपण घालून राखला गेला. वाघ-बिबटे आत येऊ शकत नसल्याने त्यात पाडसे जगू लागली आणि वाढलेले बारशिंगे बाहेर सोडले जाऊ लागले.

आज कान्हातल्या बारशिंग्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. तरीही एक धोका शिल्लक होता. सगळे बारशिंगे एकाच जागी. एखादी साथ आली किंवा मोठा वणवा लागला तर पन्नास वर्षांचे श्रम एका हंगामात संपले असते. म्हणून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले गेले आणि २०२३ मध्ये बांधवगडलाही त्यांचा कळप पोचला. ज्याचा पत्ता एकच होता त्याला आता आणखी दोन घरे मिळाली आहेत.

नागपूरहून कान्हा सुमारे २६० किलोमीटर. खटिया आणि मुक्की ही दोन प्रवेशद्वारे पर्यटकांच्या नेहमीच्या वापरातली. बारशिंगा पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीत जावे. त्या थंडीत नर माजावर असतात, शिंगांत गवताचे झुबके अडकवून फिरतात आणि पहाटेच्या धुक्यात त्यांच्या हाका कुरणभर घुमतात.

दलदलीतला बारशिंगा पाहायला उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या दुधवाला जावे. तिथले बारशिंगे वाचावेत म्हणून बिली अर्जनसिंग यांनी आयुष्य वेचले आणि १९७७ मध्ये दुधवा राष्ट्रीय उद्यान झाले. आसामात काझीरंगाला बारशिंगा आणि पाढा हे दोन्ही दिसतात. पाढा हे ठेंगणे, भरदार हरीण. धोका दिसला की इतर हरणांसारखी उडी न मारता ते डुकरासारखी मान खाली घालून गवतातून घुसत पळते.

तरंगत्या जमिनीवरचे संगाई

मणिपूरमध्ये लोकटाक नावाचे मोठे सरोवर आहे. त्यावर फुमदी तरंगतात. फुमदी म्हणजे कुजलेल्या वनस्पती, मुळे आणि माती यांचे जाड थर. त्यांचा थोडा भाग पाण्यावर आणि बराचसा पाण्याखाली असतो. सरोवराच्या आग्नेय टोकाला अशाच फुमदीवर केबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जमीन पाण्यावर तरंगते आणि तिच्यावर संगाई नावाचे हरीण चालते. साऱ्या जगात मोकळ्या रानातले संगाई एवढ्या एकाच जागी आहे, आणि ती जागा सुमारे ४० चौरस किलोमीटरची.

१९५१ मध्ये संगाई नामशेष झाले असे मानले गेले होते. १९५३ मध्ये ई. पी. गी यांना ते पुन्हा सापडले. १९७५ च्या हवाई पाहणीत फक्त १४ दिसली. १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, गावकऱ्यांनी मनावर घेतले, शिकार आटोक्यात आली आणि २०१६ च्या गणनेत ती २६० भरली.

मात्र संगाईच्या पायाखालची जमीनच पातळ होत चालली आहे. पूर्वी उन्हाळ्यात सरोवराचे पाणी उतरे, फुमदी तळाला टेकत, मुळांना मातीतून पोषण मिळे आणि थर जाड होत. १९८३ मध्ये वीजप्रकल्पासाठी इथाईचा बंधारा झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली. फुमदी तळाला टेकेनाशा झाल्या. थर पातळ झाला की हरणाचे वजन पेलत नाही. वीजही हवी आणि हरीणही हवे, असा हा पेच आहे.

इंफाळहून हे उद्यान पन्नासेक किलोमीटरवर आहे. मणिपूरमध्ये जाण्यासाठी इनर लाइन परमिट काढावे लागते. २०२३ मध्ये तिथे उसळलेल्या हिंसाचारानंतर प्रवासाआधी परिस्थितीची नीट चौकशी करूनच बेत करावा. एवढ्या दूर जाणे जमणार नसेल तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातही संगाई पाहता येते. तेथे तरंगती जमीन नाही, पण भिवईवरून पुढे वळलेली त्याची देखणी शिंगे मुलांना जवळून दाखवता येतील.

हंगुलची हाक

श्रीनगरला जाणारे पर्यटक दल लेक, मुघल बागा आणि गुलमर्ग पाहून परततात. शहरापासून २२ किलोमीटरवर दाचीगाम राष्ट्रीय उद्यान आहे, तिकडे थोडेच वळतात. दाचीगाम या नावाचा अर्थ दहा गावे. महाराजांच्या काळात शिकारीसाठी आणि श्रीनगरच्या पाण्यासाठी हे रान राखताना दहा गावे हलवली गेली, त्यावरून हे नाव पडले.

इथे हंगुल राहते. युरोपातल्या लाल हरणाच्या जातकुळीतले भारतातले हे एकमेव हरीण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काही हजार होते. २००४ च्या गणनेत १९७ आणि २०२१ च्या गणनेत २६१. आकडा थोडा वर सरकला आहे, पण पाडसांचे प्रमाण कमी असल्याची काळजी अभ्यासकांना आहे. उन्हाळ्यात वरच्या कुरणांत मेंढ्यांचे कळप चढतात आणि हंगुलच्या वाट्याचे गवत त्यांच्याबरोबर वाटले जाते.

हंगुल पाहायला, खरे तर ऐकायला, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. पाने पिवळी-तांबडी झालेली असतात आणि नर माद्यांना हाका घालत खालच्या दरीत उतरतात. प्रवेशासाठी श्रीनगरच्या वन्यजीव कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

जाण्यापूर्वी एवढे पाहा

● बहुतेक उद्यानांचा मुख्य भाग पावसाळ्यात बंद असतो. काझीरंगा मे ते ऑक्टोबर या काळात साधारणपणे बंद राहते. आठवड्याची सुट्टीही असते, उदाहरणार्थ ताडोबा मंगळवारी बंद. तारखा पाहूनच रेल्वेचे आरक्षण करावे.

● शिंगे पाहायची असतील तर हंगाम लक्षात ठेवावा. मध्य भारतात चितळाचे नर मार्च ते जूनमध्ये, सांबर नोव्हेंबर-डिसेंबरात आणि बारशिंगा डिसेंबर-जानेवारीत पूर्ण शिंगांनिशी दिसतात.

● मातकट किंवा हिरवट कपडे घालावेत. अत्तर, सेंट टाळावे. दुर्बीण असेल तर उत्तम. एका घरात एक पुरते, मुले पाळीपाळीने बघतात.

● बिस्किटे, चिवडा, फळे, काहीही खाऊ घालू नये. प्लॅस्टिकची पिशवी हरणाच्या पोटात गेली तर ते मरते.

● जमिनीवर पडलेले शिंग ‘गळलेलेच तर आहे’ म्हणून उचलून आणू नये. हरणाची शिंगे जवळ बाळगणे आणि विकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

● शेतात किंवा गवतात एकटे बसलेले पाडस दिसले तर ते पोरके समजून घरी आणू नये. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. माणसे दूर झाली की ती परत येते. खरोखर जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

पुढच्या सुट्टीत

वाघ दिसणे हा नशिबाचा भाग. हरणे मात्र दिसतातच, आणि ती दिसतात म्हणूनच वाघही आहे. ज्या रानात गवत नाही तिथे हरीण नाही आणि जिथे हरीण नाही तिथे वाघ काय खाणार? कान्हाने आधी गवत वाचवले आणि त्यातून बारशिंगा वाचला. लोकटाकला फुमदी वाचली तरच संगाई वाचेल. रेहेकुरीचा माळ माळच राहिला तर काळवीट राहील. हरणाला वाचवायचे म्हणजे त्याचा पत्ता जपायचा.

तेव्हा पुढच्या सुट्टीत जंगलातून परत आलेल्या मंडळींना प्रश्न थोडा बदलून विचारून पाहावा. ‘‘कोणते हरीण दिसले? शिंगाला टोके किती होती? काय खात होते?’’ लहान मुलांना ही उत्तरे मोठ्यांपेक्षा नीट देता येतात. गाडीतले मोठे वाघाची वाट पाहत पुढे बघत असतात, तेव्हा मागच्या बाकावरचे मूल शेजारच्या गवतातल्या हरणाकडेच टक लावून बसलेले असते.